दार धरून राहिलो

हळद शिजायला लागली की मला अजूनही परीक्षेचा वास येतो. फेब्रुवारी सरत आला की आमच्या वाशिम जिल्ह्यात रिसोडपासून मालेगावपर्यंतच्या शेतांतून वाफ निघू लागते. ओला, मातकट, जरासा कडवट असा तो वास कपड्यांत बसतो, केसांत बसतो, आणि पुस्तकाच्या पानांत बसला तर पुढच्या हंगामापर्यंत जात नाही. परीक्षा म्हटलं की लोकांना घंटा आठवते. मला कढई आठवते, आणि कढईपासून दहा पावलांवर उपड्या घमेल्यावर बसून नाटक वाचणारी मी.

आता मी रिसोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. मार्चात पर्यवेक्षणाचं काम असतं. तीन तास बाकांमधून फिरायचं, पुरवण्या वाटायच्या, घड्याळ बघायचं. एखादं पोर पेनचं टोपण चावत छताकडे बघत बसलेलं असतं. त्याला उत्तर येत नसतं असं दरवेळी नाही. कधी कधी दोन उत्तरं येत असतात, आणि कुठलं लिहावं हे ठरत नसतं. अशा पोराजवळ मी फार वेळ उभी राहत नाही.

माझीही तशी गत झाली होती, एम.ए.च्या शेवटच्या वर्षी. बाकीचे पेपर निघाले होते. नाटकाच्या पेपरात दोनदा आपटले होते. तिसरी संधी शेवटची. ती गेली की सगळं मुळापासून, आणि आमच्या घरात ‘मुळापासून’ला वाव नव्हता. बाबा काही बोलत नसत, पण मला बघायला येणारी दोन ठिकाणची पाहुणे मंडळी ‘पोरीची परीक्षा होऊ द्या’ म्हणून थांबवून ठेवलेली होती, हे मला ठाऊक होतं. पास झाले तर नोकरीचं बघायचं, नापास झाले तर पाहुण्यांना बोलवायचं. मामला असा सरळ होता.

पेपर बुडायचा तो एका नाटकापायी. असंगत नाटक. परक्या भाषेतून मराठीत आणलेलं. नाव सांगत नाही, कारण नावावरूनही काही कळत नाही. रंगमंच रिकामा असतो. दोन माणसं एक दार उचलून आणतात. नुसतं दार, चौकट नाही, भिंत नाही. एकाचं नाव पहिला, दुसऱ्याचं दुसरा. दार कुठं बसवायचं यावर अख्खा पहिला अंक वाद. दुसऱ्या अंकात दुसरा त्या दारावर टकटक करतो, परवानगी मागतो, दारातून पलीकडे जातो आणि ‘आता मी बाहेर आलो’ असं म्हणून खरोखरच निघून जातो. पहिल्याला दार सोडता येत नाही, सोडलं तर ते पडेल. शेवटी डोक्यावर गाठोडं घेतलेला एक वाटसरू येतो आणि विचारतो, ‘काय?’ पहिला म्हणतो, ‘मी दार धरून राहिलो.’ पडदा.

यावर मोठा प्रश्न ठरलेला. शेवटच्या वाक्याच्या आधारे नाटकाचा अर्थ विशद करा.

अर्थ गाइडात होता. ‘राहिलो’ हा भूतकाळ आहे, असं गाइड म्हणायचं. सगळा जन्म एक निरुपयोगी दार धरण्यात गेला हे माणसाला अखेरीस उमगतं, ही त्याच्या पराभवाची कबुली आहे, मानवी अस्तित्व निरर्थक आहे. त्यामागोमाग असंगत नाटकाची आठ वैशिष्ट्यं. मला आठही पाठ होती. गच्चीवर फेऱ्या मारत म्हणायचे तेव्हा शेजारच्या आजीला वाटायचं, पोरगी स्तोत्र म्हणते आहे. पेपरात मात्र पाचव्या वैशिष्ट्याशी हात थांबायचा. पाठ झालेलं होतं, पण पटलेलं नव्हतं, आणि न पटलेलं ऐन वेळी पाहुण्यासारखं उठून जातं.

बाबांनी एकदा विचारलं, “कायच्यात अटकून राह्यली वं एवढी?”

“असंगत नाटकात.”

“असंगत म्हंजे? ज्याले संगत नाही थो?”

मला हसू आलं. म्हटलं, “तसं नाही बाबा. ज्याचा काही मेळच लागत नाही, थे.”

“थेच त मी म्हनून राह्यलो,” बाबा म्हणाले आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. मी त्यांची ही व्याख्या कुठंही टिपून ठेवली नाही, याचं आता मला वाईट वाटतं.

घरात माझ्या बाजूनं उघड उघड एकच माणूस होतं, ते म्हणजे वहिनी. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सातवीत होते, त्यामुळे नणंद म्हणून माझा मान वगैरे तिनं कधी ठेवला नाही. माझ्या वेण्या घातल्या, पाठीत धपाटे घातले आणि पुढं माझ्या वाटचं कामही अंगावर घेतलं. ती स्वतः दहावी पास. पुढं शिकायचं होतं, पण कॉलेज गावापासून लांब आणि माहेरी पाठच्या दोन बहिणी. हे तिनं एकदाच सांगितलं होतं, तेही भाकरी थापता थापता. हळदीच्या दिवसांत शिजवणारी टोळी यायची, दादा त्यांच्यासोबत जाळावर असायचा, आणि हळद शिजली की नाही हे बघायचं काम वहिनीकडं. हळकुंडात काडी रुतवायची. अलगद आरपार गेली की उतरवा म्हणायचं. टोळीतली माणसंसुद्धा तिच्या काडीपुढं बोलत नसत.

त्या दुपारी मी नेहमीसारखी घमेल्यावर बसून मनातल्या मनात वाचत होते. वहिनी ताडपत्रीवर हळद पसरत होती.

“मनात काहून वाचून राह्यली? मोठ्यानं वाच. माह्या बी कानावर पडू दे.”

“तुले कंटाळा येईन.”

“हळदीचा काय कमी येऊन राह्यला? वाच.”

वाचलं. तिच्यासाठी पहिल्यांदाच मी ते नाटक गाइडशिवाय, सलग, सुरुवातीपासून वाचलं. वहिनीचे हात चालू होते आणि तोंडही. “आधी चौकट बसवा लागते, मंग दार. दोघंबी येडे हायेत.” मग, “हे बरं हाये, दार आपलंच अन् टकटकबी आपणच करा.” दुसरा दारातून निघून गेला तेव्हा मात्र ती हात थांबवून माझ्याकडं बघू लागली. “गेला? याले एकट्याले सोडून?” मी मान हलवली. शेवटचं पान वाचलं. ‘काय?’ ‘मी दार धरून राहिलो.’ पडदा.

“मंग?” वहिनी म्हणाली.

“संपलं.”

“असं कसं संपलं? त्यानं इचारलं, काय करून राह्यला. यानं सांगतलं, दार धरून राह्यलो. आता थो गाठोडंवाला गाठोडं खाली ठेवीन अन् हात लावीन. पुढचं कुठं हाये? पानं फाटले का तुह्या पुस्तकाचे?”

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी इथं जरा थांबायला हवं. आमच्याकडं ‘करून राह्यलो’ म्हणजे करतो आहे, आत्ता, या घटकेला. पुस्तकातल्या मराठीत ‘धरून राहिलो’ म्हणजे धरलं ते धरूनच बसलो, झालं गेलं. आमच्याकडं ‘धरून राह्यलो’ म्हणजे हे बघ, धरलंय, येतोस का? या एका शब्दानं भल्याभल्यांची फजिती केलेली आहे. आमचे नाटकाचे सर साताऱ्याकडचे. नवे नवे वाशिमला आले तेव्हा शिपायानं त्यांना सांगितलं, प्राचार्य येऊन राह्यले. सर म्हणे अर्धा तास कॉलेजच्या आवारात प्राचार्य कुठं उतरलेत ते शोधत फिरले, आणि प्राचार्य तेव्हा बसमध्ये होते.

वहिनीच्या बोलण्यावर मी शेवटचं पान पुन्हा उघडलं. दोन वर्षं मी त्या वाक्यात पराभव शोधत होते, कारण तो तिथं आहे असं छापलेलं होतं. वहिनीला तिथं एक कामात अडकलेला माणूस दिसला. येणाऱ्यानं विचारलं, त्यानं सांगितलं. आमच्या गावात रोज शंभर वेळा हेच चालतं. बांधावरून जाणारा विचारतो, काय करून राह्यला? तो आंधळा नसतो, त्याला दिसत असतं. विचारणं म्हणजे मी इथं आहे असं सांगणं. आणि तण काढणारा ‘निंदून राह्यलो’ म्हणतो त्यात हरल्याचं काही नसतं. जमलं तर विचारणारा चार हात मारून जातो, नाही तर तंबाखू खाऊन जातो. ते नाटक मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. चौकट नसलेलं दार, निघून गेलेला सोबती, सगळं. बाबांचं ‘ज्याले संगत नाही थो’ हेसुद्धा. वहिनीला म्हटलंही, हे पेपरात लिहायला हवं.

मी दुसऱ्याच दिवशी मालेगावहून वाशिमची बस धरली आणि सरांना गाठलं. सर ऐकताना हसले, मग हसायचे थांबले. चष्मा काढून पुसला.

“गंमत आहे,” म्हणाले. “मूळ भाषेत तिथं नेमकं काय आहे, मलाही माहीत नाही. मी मराठीच वाचलंय. पण परीक्षेत हे लिहू नकोस. परीक्षक याला बोलीमुळं झालेली गफलत म्हणेल, अर्थ म्हणणार नाही. तुझी शेवटची संधी आहे. आधी पास हो. मग लाव तुला हवा तो अर्थ.”

आम्ही बोलतो ती मराठी नाही का सर, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. बस चुकेल म्हणून उठले. सर वाईट नव्हते. माझ्या जागी त्यांची मुलगी असती तरी त्यांनी हेच सांगितलं असतं.

पेपरच्या दिवशी माझे दोन्ही तळवे पिवळे होते. साबण, राख, चिंच, सगळं करून झालं होतं, पण महिनाभराची हळद निघते कुठली. पर्यवेक्षक बाईंनी सही घेताना हात पाहिला आणि खुश झाल्या. “अगंबाई, हळद लागली का? तारीख कधीची?”

“नाही मॅडम,” मी म्हटलं, “आम्ही शिजवून राह्यलो.”

मागचा बाक फसकन हसला. बाईंना काही कळलं नाही.

प्रश्न तोच आला होता. शब्दसुद्धा तेच. मी पहिली दहा मिनिटं काही लिहिलं नाही. पेनचं टोपण तोंडात होतं. वहिनीचा अर्थ लिहायचा तर तीन पानं सहज झाली असती, आतून नुसती उसळत होती. पण पाहुणे थांबलेले होते. सरांचा आवाज कानात होता. मी लिहायला सुरुवात केली, ‘प्रस्तुत नाटकातील अखेरचे वाक्य हे मानवी पराभवाची कबुली होय.’ आणि मग हात थांबलाच नाही. पाचवं वैशिष्ट्य आलं, सहावं आलं, आठही आली, वर दोन उदाहरणं मी मनानं जोडली. नाटक आता कळलेलं होतं ना. वहिनीनं दिलेल्या समजेच्या बळावर मी वहिनीचा अर्थ खोडून काढणारं उत्तर इतकं झकास लिहिलं की पुरवणी घ्यावी लागली.

घरी पोचले तर वहिनी वाटेवरच उभी. पेपर कसा गेला, हे तिनं विचारलंच नाही.

“लिवलं का माह्यं? दाराचं?”

“लिवलं,” मी म्हटलं.

इतकंच. एक शब्द. तोही मी तिच्याकडं न बघता बोलले, चप्पल काढता काढता. तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि तिच्या हातांची हळद माझ्या गालांना लागली. मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. वाटलं, निकाल लागू दे, मग सांगू.

निकाल लागला. मी चांगल्या मार्कांनी पास झाले. पाहुण्यांना नकार गेला, पुढं बी.एड. झालं, नोकरी लागली. खरं सांगायचं तेवढं राहून गेलं, आणि तोपर्यंत वहिनीनं सगळीकडं सांगून टाकलं होतं. “माही एक ओळ यमेच्या पेपरात हाये.” कासारणीला सांगितलं, हळदी-कुंकवाला सांगितलं, माहेरी तर दरवर्षी सांगितलं. पुढं पुढं त्या सांगण्यात परीक्षकही आला. म्हणे त्यानं वाचलं आणि शेजारच्याला वाचून दाखवलं. मी समोर असले की वहिनी माझ्याकडं बघून म्हणायची, “हाय का नाही वं?” आणि मी हो म्हणायचे. असे किती हो म्हटले असतील. पहिल्या वेळी तो जड गेला. नंतर नंतर सरावानं निघायला लागला, ते जास्त वाईट.

वर्गात मी जूनपासून मुलांना सांगत असते, तुम्हाला जे दिसतं ते लिहा, गाइडातलं नको. फेब्रुवारीत मीच नमुना उत्तरं लिहून देते. एकदा एका मुलीनं बाकावरून विचारलं, मॅडम, मग नक्की कोणतं लिहायचं? मी तिला म्हटलं, आधी पास हो. शब्दही तेच निघाले. त्या दिवशी सरांची आठवण आली आणि राग मात्र माझाच आला.

यंदाच्या मार्चात गावी गेले तेव्हा हळद वाळत पडली होती. कढई आता नाही, वाफेचा बॉयलर येतो, पण काडी अजून वहिनीचीच. भाची अंकिता बी.ए.ला आहे. तिच्या मैत्रिणीनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आणि मार्क वाढवून घेतले, असं ती सांगत होती. वहिनी एकदम उठून बसली.

“म्हंजे पेपर परत पाह्यले भेटते? मंग तुह्या आत्याचा मांगव ना. माही ओळ हाये त्याच्यात. फ्रेम करू.”

अंकिता हसली. “आई, चौदा वर्षं झाली. एवढे जुने पेपर ठेवतात का कुठं? कवाच रद्दीत गेले असतील.”

वहिनी हळद उलटीपालटी करत राहिली. मग म्हणाली, “रद्दीत गेली काय माही ओळ.” अंकिताला नाही, मला नाही, हळदीलाच म्हणाली.

मी सुटले होते. आता पुरावाच उरला नव्हता. एवढ्या वर्षांचं ओझं कुणीतरी परस्पर रद्दीत घातलं होतं. पण तिचा तो चेहरा मला बघवेना. जी कधी नव्हतीच त्या ओळीचं ती सुतक धरून बसली होती.

“वहिनी, रद्दीत नाही गेली,” मी म्हटलं. “मी लिवलीच नव्हती.”

तिला आधी वाटलं मी थट्टा करते आहे. मग विचारलं, “मंग काय लिवलं व्हतं?” मी सांगितलं. पराभवाची कबुली, निरर्थकता, वैशिष्ट्यं. चौदा वर्षांनंतरही आठही बिनचूक आली. वहिनीनं सगळी शांतपणे ऐकून घेतली.

“अन् त्याच्यावर पास झाली तू?”

“झाली.”

“तेव्हा भेव वाटलं असंन, थे समजते मले,” ती म्हणाली. “पेपरात नाही लिवलं, नाही लिवलं. पन मले हो काहून म्हनली? माह्या बापाले सांगतलं मी. मराच्या आधी चार लोकाईले सांगून गेला थो.”

मी ‘चुकलं’ म्हटलं, ते तिला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. संध्याकाळी तिनं मला वाढलं, पण ‘अजून घे’ म्हणाली नाही. आमच्या घरात याहून मोठी शिक्षा नाही. मी जेवले, ताट घासलं आणि लाजेनं पडून राहिले. चौदा वर्षांपूर्वी मला परीक्षकाची भीती वाटली होती. वहिनीची वाटायला हवी होती.

सकाळी रिसोडच्या जीपसाठी निघाले तर ती ताडपत्रीपाशी होती. मी थांबले. तिनं वर न बघता म्हटलं, “आता लिव.”

“कुठं?”

“कुठंबी लिव. छापून येते ना तुह्यं कायबाय? त्याच्यात लिव. अन् माह्यं नाव टाकजो. हे घरातलं नको. शाळेतलं टाक.”

लग्नात आमच्याकडं नवरीचं नाव बदलतात. दादानं तांदळात अर्चना लिहिलं होतं, तेव्हापासून घरात, रेशनकार्डावर, सगळीकडं ती अर्चना, आणि मला वहिनी. पंचवीस वर्षांची सोबत असून, तिच्या समजेवर एम.ए. होऊन, तिचं शाळेतलं नाव मला त्या सकाळी विचारावं लागलं.

उत्तरपत्रिकेवर नाव लिहायला मनाई असते, नुसता नंबर टाकतात. ही उत्तरपत्रिका नाही. म्हणून लिहिते. त्या नाटकातला माणूस हरलेला नाही. तो विचारणाऱ्याला आपलं काम सांगतो आहे, आणि वाटसरू आता गाठोडं खाली ठेवून हात लावणार आहे. हा अर्थ माझा नाही. तो शेवंतानं लावला.